कावळ्यासमोर कबूल केलेला क्लच

विलास, तू मला फसवलंस.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं मला दोघातिघांनी सांगून झालंय. सांगणं सोपं आहे. त्यांच्या वाट्याला तू साडू म्हणून आला नव्हतास. सख्ख्या दोन बहिणींचे आपण दोन नवरे, एका पिकअपचे दोन मालक, आणि त्या पिकअपच्या क्लचवरून गेल्या दिवाळीपासून चिखली ते चाकण सगळा रस्ता डोक्यावर घेणारे दोन वेडे. त्यातला एक उठून गेला. उरलेला हे लिहायला बसलाय, कारण भांडायला समोर कुणी नाही. माझी बायको सुनंदा म्हणाली, "दाजींबद्दल चांगलं लिहा हं." मी म्हटलं, चांगलं काय ते शेवटी बघू. आधी संताप निघू दे.

तुझ्या दहाव्याला घाटावर काय झालं ते तुला माहीत असणारच. तूच तर घडवून आणलंस. तरी माझ्या तोंडून ऐक. पिंड मांडून झाले. समोरच्या झाडावर कावळे. किती? हजारभर. थोडे कमी असतील, पण मी कधी कमी सांगितलंय का? एरवी माणसाच्या हातातला वडापाव पळवणारी ही जात, पण तुझ्या पिंडाकडे एकही ढुंकून बघायला तयार नाही. जाणाऱ्याची काही इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, हे माहीत असल्यामुळे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तुझे चुलते तात्या पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "बोला रं, ज्याला जे कबूल करायचं आसंल ते करा. पोराला ताटकळत ठिवू नका."

तुझी बायको, आमची मंगलताई म्हणाली, पोरीचं शिक्षण थांबवणार नाही. कावळ्यांनी माना वळवल्या, पण खाली एकही नाही. तुझा भाऊ म्हणाला, गावच्या घरातली तुझी खोली तशीच ठेवू. एक कावळा उडाला आणि आणखी लांबच्या फांदीवर जाऊन बसला, म्हणजे त्याचा त्या खोलीवर विश्वास नव्हता. गुरुजी घड्याळ बघायला लागले. त्यांना पुढे दुसरं काम होतं. तात्यांचा धीर सुटला. "आरं इलास, आता काय ऱ्हायलंय तुझं?"

आणि मग, विलास, सगळं गणगोत माझ्याकडे वळलं.  बोलायची गरजच नव्हती. बारशात, साखरपुड्यात, गृहप्रवेशात, जिथे म्हणून आपण दोघं पंगतीला शेजारी बसलो तिथे क्लच निघाला होता. पुनावळ्याच्या त्या लग्नात अक्षता पडत असताना तू माझ्या कानात म्हणाला होतास, "तुझी ती हेवी प्लेट म्हंजी निस्ता ताप हाय." मंगलताई डोळे पुसत हळूच म्हणाली, "भावजी, बोला की आता."

मी काय करणार होतो? ऊन डोक्यावर, लोक उपाशी, आणि झाडावर हजार कावळे माझ्या तोंडाकडे बघतायत. मी हात जोडले आणि म्हटलं, "विलास, तुझ्या मनासारखा क्लच टाकतो. शपथ."

माझं तोंड मिटायच्या आत कावळा आला. उडत नाही, विमानासारखा आला. गोळा फोडला, भात घेतला आणि गेला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं. तात्या धोतराच्या सोग्याला डोळे लावून म्हणाले, "व्हय, ह्योच अडकला व्हता."

तिथे मी हरलो असं मला वाटलं. गणगोतासमोर, नदीच्या काठावर, कावळ्याच्या साक्षीने हरलो. मनात म्हटलं, ठीक आहे, मेलेल्याला एवढं तरी देऊ. आणि घरी येऊन गुपचूप जेवलो. त्या दिवशी सुनंदाची वालाची उसळसुद्धा मला गोड लागेना, आणि ती उसळ म्हणजे काय चीज आहे ते तुला माहितीय. तू तर एकदा त्या उसळीसाठी पिंपळे गुरवहून पावसात सायकलवर आला होतास. तू म्हणायचास पाऊस नव्हता. होता.

आता भांडण काय होतं ते कागदावर एकदा नीट मांडू दे. तू असतास तर मध्येच तोडलं असतंस.

आपली गाडी रोज चालणारी. सकाळपाळी तुझी, दुपारपाळी माझी. चिखलीतल्या वर्कशॉपमधून माल उचलायचा आणि चाकणच्या कंपनीत उतरवायचा. बहुतेक वेळा क्रेट, आणि आठवड्यातून एकदा डाय, म्हणजे ते लोखंडी साचे, जे चढवायला आपण दोघं लागायचो आणि जे चढवले की गाडीचं नाक आभाळाकडे जायचं. एकदा तर पुढची चाकं जमिनीला टेकतच नव्हती. मी स्टिअरिंग फिरवतोय आणि गाडी आपल्या मर्जीने सरळ चाललीय. कुरुळीच्या वळणावर रस्ताच वळला म्हणून वाचलो. ही गोष्ट मी टेम्पो स्टँडवर सांगितली की तू शेजारी बसून मान हलवायचास, आणि सांगून झालं की म्हणायचास, "यातलं डाय होते एवढं खरं."

तर क्लच संपत आला. अ‍ॅक्सिलेटर दाबला की इंजिन बोंब मारायचं आणि गाडी मात्र शांत. एक दिवस मोशीच्या चढाला इतका धूर निघाला की मागचा टेम्पोवाला उतरून पाण्याची बाटली घेऊन आला. वास तर असा, की माझ्या डब्यातल्या भेंडीला दोन दिवस क्लचचा वास होता. बदलायचा हे दोघांनाही मान्य. कोणता टाकायचा, इथे महाभारत.

माझं म्हणणं साधं होतं. आपण लोखंड वाहतो, तर क्लच पैलवान पाहिजे. हेवी टाकायचा, बटणवाली प्लेट, म्हणजे अस्तराऐवजी धातूच्या टिकल्या जडवलेली, आणि तिच्यावर कडक स्प्रिंगचं झाकण. तो टाकला की गाडी झाडाला बांधून ठेवली तरी झाडासकट चाकणला जाईल. तू म्हणायचास, कंपनीचा जो साधा सेट गाडीबरोबर आला होता, तसाच पुन्हा.

"साध्यानेच तर धूर काढला," मी म्हणायचो.

"धूर त्यानं न्हाई काढला. तुझ्या पायानं काढला."

"माझा पाय? सकाळी तू चालवतोस!"

"मी चालवतो. तू पायडलवर पाय ठिवून झोपतोस."

तुझं तत्त्वज्ञान मला तोंडपाठ आहे. क्लच वजनाने मरत नाही, चाकणच्या ट्रॅफिकने मरतो. डाय आठवड्यातून एकदा, जॅम रोज. चौकात गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात आणि आपण अर्धा क्लच दाबून तिला जागच्या जागी तरंगत ठेवतो, तेव्हा प्लेट घासते. मऊ पायडल असलं तर माणूस दर वेळी सरळ न्यूट्रल करतो आणि पाय काढतो. कडक पायडल असलं की माणूस कंटाळतो, दाबलेलं सोडत नाही, सोडलेलं दाबत नाही, मधेच लटकतो. "म्हंजी तुझा पैलवान," तू म्हणायचास, "जॅममधीच मरणार. आणि मरताना माझा गुडघा घिऊन जाणार."

"तुझा गुडघा आधीपासूनच गेलाय."

"म्हणून तर ऱ्हायलेला सांभाळतोय ना, येड्या."

मला तुझी ती पद्धत बघवायची नाही, खरं सांगतो. चौकात गाडी थांबली रे थांबली की न्यूट्रल. मग डावा पाय पायडलवरून उचलून खाली रबरावर असा ठेवायचास, जसा माणूस देवळाबाहेर चपला ठेवतो. पुढची गाडी चार हात सरकली तरी तू ढिम्म. मधल्या जागेत रिक्षा घुसायची, मोटरसायकल घुसायची, एकदा म्हैस घुसली. डायच्या फेरीला मी शेजारी बसून ओरडायचो, "अरे घे पुढे! गाव शिरलं मधे!" तू म्हणायचास, "शिरू दे. त्यांना बी चाकणलाच जायचंय." आणि मी चालवत असलो की तुझा जप सुरू. पाय काढ. दत्ता, पाय काढ. अरे पाय काढ की. मोशीपासून चौकापर्यंत, जणू तुला त्याचाच पगार होता.

तुझ्याशी शेवटचं बोलणंही त्यावरच, आणि हाच माझा सगळ्यात मोठा राग आहे. मी चाकणला गेटवर रांगेत, तुझा फोन. "दत्ता, क्लचचं ठरलं." मी म्हटलं, ठरलं म्हणजे? कुणी ठरवलं? मला न विचारता? तू हसलास. "संध्याकाळी भेट, तोंडावर सांगतो. तुझं तोंड बघायचंय मला." आणि ठेवलास. संध्याकाळी मी तुझ्या दारात आलो तेव्हा बाहेर चपलांचा ढीग होता. एवढ्या चपला बघून मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? वाटलं, यानं माझी जिरवायला स्टँडवरचे सगळे गोळा केलेत. आत जाईपर्यंत मला तेच वाटत होतं.

पुढचं लिहीत नाही. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

तुझ्यानंतर दोन्ही पाळ्या माझ्या अंगावर आल्या. मरायला आलेला क्लच दिवसेंदिवस कडक होत जातो, हे मला पुस्तकाने नाही, मांडीने शिकवलं. आधी सकाळचा जॅम, मग दुपारचा जॅम, मग कंपन्या सुटतानाचा जॅम. माझी डावी मांडी आता कुस्तीगिराची आणि उजवी कारकुनाची झालीय. पँट शिवायला टाकली तर शिंपी दोन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांची मापं समजेल. आणि गंमत बघ, विलास. शेजारची सीट रिकामी, पाय काढ म्हणणारं कुणी नाही, तर मला मोकळं वाटायला हवं होतं. उलट गुडघ्यातून कळ आली की मी स्वतःच चिडून म्हणायचो, "काढ रे बाबा पाय." तुला यात आनंद होईल म्हणून सांगत नव्हतो इतके दिवस.

मग गेल्या आठवड्यात, चाकणच्या चौकाच्या बरोब्बर मधोमध, क्लचने मान टाकली. गिअर पडतोय, इंजिन कोकलतंय, गाडी उभी. मागे एवढी रांग लागली की तिचं शेपूट नाशिकला पोचलं असावं. एका दोस्ताने दोर लावून चिखलीपर्यंत ओढत आणलं, सलीमभाईच्या गॅरेजवर सोडलं. इकडे कंपनीच्या गेटवरचा सुपरवायझर फोनवर म्हणाला, "दत्ताभाऊ, दुःख समजतं आम्हाला. पण सोमवारी गाडी लागली नाही तर मी दुसरी लावणार. मलाही वर उत्तर द्यायचंय." दुसरी लागली की ती कायमचीच लागते, हे तुला सांगायला नको. त्या फेऱ्यांवर दोन घरं चालतात, त्यातलं एक तुझं.

सलीमभाईने गिअरबॉक्स उतरवला, आतली प्लेट काढून माझ्या हातात दिली. पापडासारखी झाली होती. तळली असती तर फुलली असती. सलीमभाई हात पुसत म्हणाले, "बोला दत्ताभाऊ, कोणता टाकू?"

मी छातीवर दगड ठेवून म्हटलं, "साधा. कंपनीचा. विलासच्या मनासारखा."

सलीमभाईंनी फडक्याने तेच बोट तीनदा पुसलं. मग म्हणाले, "पण विलासभाऊ तर हेवी सांगून गेले."

विलास, माझ्या कानात त्या वेळी चाकणचे सगळे हॉर्न एकदम वाजले. मी वर फळीकडे बघितलं. तिथे हेवी क्लचचं खोकं धूळ खात पडलं होतं, कधीपासून ते त्या खोक्यालाच माहीत. मी म्हटलं, "सलीमभाई, ते खोकं खपवायचंय म्हणून गेलेल्या माणसाच्या तोंडी घालू नका."

"तौबा करा!" ते असे भडकले की हातातलं फडकं त्यांनी आपटलं. "मी मय्यतीच्या नावानं धंदा करीन? इथं, याच स्टुलावर बसून चहा पिले ते. म्हणाले, सलीमभाई, हेवी टाकून दे. दत्ता मला जगू द्यायचा नाही. मी म्हटलं, विलासभाऊ, तुमचा गुडघा? तर म्हणाले, दुखंल चार दिवस, मग पायाला सवय होईल. दत्ताला सवय होणार नाही, तो तोंड फुगवून बसंल."

"कधी म्हणाला हे?"

सलीमभाईंनी फडकं उचललं. "गेले त्याच दिवशी. दुपारी. तुम्हाला फोन पण इथूनच लावला."

म्हणजे हे ठरलं होतं तुझं! हे तोंडावर सांगायचं होतं तुला! गेल्या दिवाळीपासून माझ्याशी हुज्जत घातलीस, माझ्या हेवी क्लचला बैल म्हणालास, हत्ती म्हणालास, तात्यांसमोर मला अडाणी ठरवलंस, आणि मग माझ्या पाठीमागे जाऊन परस्पर माझंच खरं करून आलास? असं हरतात होय? भांडणाला काही रीत असते की नाही?

मी तडक तुझ्या घरी गेलो. मंगलताई मेथी निवडत बसली होती. मी चप्पल काढता काढताच विचारलं, "ताई, विलासच्या मनात कोणता क्लच होता?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी मेथीतली अळी असतो तर त्याच क्षणी बाहेर फेकला गेलो असतो. "तुम्हाला पाहिजे होता तोच. आदल्या दिवशी जेवताना म्हणाले, टाकतो एकदाचा त्याच्या मनासारखा, नाहीतर हा माणूस वर आला तरी मला सोडायचा नाही."

"मग घाटावर तू बोलली का नाहीस? मी शपथ घेतली तेव्हा?"

"तुम्ही म्हणालात, मनासारखा टाकतो. मी म्हटलं, माहीत असेल तुम्हाला. सगळं तर माहीत असतं तुम्हा दोघांना." तिने काड्या एका बाजूला जोरात सारल्या. "भावजी, एक जण मेलाय, तरी भांडण दोघांचं चालूच आहे. तिकडे गाडी उभी आहे, इकडे माझं घर उभं आहे. सोमवारी काय करू, तेवढं सांगा."

मी तात्यांना फोन लावला, म्हटलं वडीलधारे आहेत. ते म्हणाले, "कावळ्याला कबूल केलं म्हंजी केलं. त्याच्या मनात हेवी, तर हेवी टाक. तुला बी त्योच पायजे व्हता, मग रडतो कशाला?"

रडत नव्हतो मी. पण रडण्यासारखंच होतं, कारण मला आता हेवी नको होता! हे कुणाला सांगू? सगळ्या चाकणला ओरडून सांगितलेलं, हेवी, हेवी, हेवी, ते आता कुठल्या तोंडाने गिळू? सलीमभाईंच्या आवारात दुसऱ्या एका पिकअपला हेवी बसवलेला होता, ती मी गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणली. क्लच दाबताना वाटलं, विहिरीवरची मोट पायाने ओढतोय. आणि सोडला तर ती बटणं अशी चावली, की गाडी आचके देत बेडकासारखी निघाली. हनुवटी स्टिअरिंगला, टाळू टपाला. घाटात, मोकळ्या रस्त्यावर, रोज दगड वाहणाऱ्याला ठीक असेल. आपण चाकणच्या जॅममध्ये दिवसाला जितक्या वेळा थांबतो आणि निघतो, तितके आचके खाऊन क्रेटमधला माल पोचेपर्यंत भंगार झाला असता. आणि तू या पायडलवर तुझा तो गुडघा ठेवणार होतास? सवय होईल म्हणे. चार दिवसांत! मी तोंड फुगवू नये म्हणून?

मूर्ख होतास तू. एवढा शहाणा माणूस, आणि इतका मूर्ख.

सलीमभाईंच्या त्या स्टुलावर मी बसून राहिलो. त्यांनी चहा आणला. मी म्हटलं, "सलीमभाई, मघाशी मी बोललो ते मनात धरू नका. पण मला त्याचे शब्द सांगा. अगदी शेवटी काय म्हणाला?"

ते आठवायला लागले. "उठताना म्हणाले... त्या दत्ताच्या मनासारखं होऊ दे एकदा. आणि हसले. बस."

मी चहा खाली ठेवला. आता नीट ऐक, विलास, आणि चूक असेल तर सांग. मी कावळ्याला काय कबूल केलं? तुझ्या मनासारखा क्लच. तुझ्या मनात काय होतं? माझ्या मनासारखं व्हावं. आणि माझ्या मनात आता काय आहे? साधा. जो तुझ्या मनात होता, तू माझ्यासाठी सोडेपर्यंत. कुठूनही फिरून ये, गाडी त्याच दारात लागते. हे मी सलीमभाईंना सांगितलं तर ते म्हणाले, "एवढं डोकं आधी चालवलं असतं तर दोघांचा चहा तरी वाचला असता." तात्यांना सांगितलं तर फोनवर त्यांनी ते मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "आसंल बाबा. कावळा शाणा असतो, त्याला आधीच कळलं आसंल."

तर साधा टाकला. अर्धा जुना अर्धा नवा असला चिंधीपणा केला नाही; प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, तिन्ही नवी, सेटच्या सेट. जुन्याच प्लेटला नवं अस्तर मारून घ्या म्हणून स्टँडवरचे दोघे सांगत होते, त्यांना हाकललं. फ्लायव्हील, म्हणजे ज्या चकतीवर ती प्लेट घासते, तिच्यावर जळल्याचे निळे डाग पडले होते. ती शेजारच्या लेथवर घासून आरशासारखी करून घेतली. एवढं सगळं तूच म्हणायचास. मी नुसतं तुझं ऐकत नव्हतो, पाठ करत होतो.

राग मात्र गेलेला नाही. हरायचं होतं तर समोर बसून हरायचं होतंस ना, राव. एकदा तोंडावर म्हणायचं होतंस, "दत्ता, तुझं बरोबर." मी ताबडतोब म्हटलं असतं, "छे, तुझं." मग तू चिडला असतास, "आता मी मानलं तर तू उलटतोस व्हय?" आणि त्यावरून आपण आणखी एक दिवाळी काढली असती. तेवढीच पाहिजे होती मला. क्लचचं काय, क्लच दुकानात मिळतो.

सोमवारी गाडी लागली. पायडल इतकं मऊ की सवयीने पाय जोरात मारला तो थेट खाली. वाटलं, गाडीचा तळ फोडून रस्त्याला लागतो. गेटवर सुपरवायझरने हात वर केला. मंगलताईला फोन केला. ती म्हणाली, "बरं." आणि थोड्या वेळाने, "त्यांना आवडलं असतं का ओ?" मी म्हटलं, "नाही. काहीतरी खोट काढलीच असती." ती हसली. तू गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना ऐकलं.

परतताना चौकात अडकलो. पुढची गाडी थांबली. माझा पाय पायडलवर लटकलेला, नेहमीसारखा, आणि शेजारून आवाज नाही. मग न्यूट्रल केलं. पाय काढला, खाली ठेवला. तिथे रबराला एक खड्डा पडलाय, तुझ्या टाचेचा. त्या खड्ड्यावरून मी तुला किती बोललो होतो, नवं रबर फाडलंस म्हणून. टाच त्यात ठेवून बघितली. माझी बसत नाही. तुझा पाय माझ्यापेक्षा लहान होता. इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

मधल्या जागेत एक रिक्षा शिरली. मी म्हटलं, "शिरू दे."

सलीमभाई म्हणतात, पुढचे टायर गेलेत. माझं म्हणणं, अजून पाऊसभर चालतील. हे मी चौकातच मोठ्याने बोललो. कुणी काही म्हणेना. तेव्हा मग तुझ्या बाजूने मीच म्हटलं, "पाऊसभर? ओल्या रस्त्यावर ब्रेक मारून बघ मग, कळंल." मी म्हटलं, तुला काय कळतं टायरमधलं? तुझ्या बाजूने म्हटलं, तुझ्यापेक्षा जास्त. असं करत करत आलो. आणि विलास, तुझी बाजू मी तुझ्यापेक्षा चांगली मांडतो, हे तुला मान्य करावं लागेल.

मोशी येईपर्यंत मी हरलो होतो. टायर उद्या बदलतोय.